भोंग्याचं तोंड

चौथीत शिकणाऱ्या एका मुलीला मी अख्ख्या गावाच्या कानावर जाईल अशा आवाजात, भोंग्यावरून, 'ही वावरातच बरी' असं म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मला बऱ्याच जणांवर राग काढायचा आहे आणि तो काढता काढता मी स्वतःला हळूच बाजूला सारीन, अशी मला भीती आहे. ही खोड माझ्यात आहे.

सीमेवरचं, तामसीच्या बाजूचं गाव. राज्य आंध्राचं, शाळा मराठी, मास्तर दोन. एक आमचे मोठे गुरुजी, निवृत्तीला आलेले, आणि दुसरा मी, नोकरीत नवा. दिवाळीच्या सुमारास गावात गोवर निघाला. एका घरातून दुसऱ्या घरात, वर्गातल्या एका बसकरपट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर असा तो शाळाभर फिरला. मग एका दुपारी सायकलवरून माणूस आला, तेलुगूत टाइप केलेला हुकूम त्यानं गुरुजींच्या हातात दिला, सही घेतली आणि पाणीही न पिता निघून गेला. शाळा बंद. हुकुमाच्या खाली एक ओळ होती : मुलांनी घरीच अभ्यास करावा, शिक्षकांनी मार्गदर्शन करावे.

कशानं करावं, ते लिहिलं नव्हतं. त्या वर्षी गणिताचं पुस्तक आमच्यापर्यंत आलं होतं ते तेलुगूत. मराठी पुस्तकं 'मागून येतील' हे ऐकत आम्ही सगळा पावसाळा काढला होता. मी बस धरून वरच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांना म्हटलं, "साब, बच्चों को घर पे पढाना है. मराठी किताबां मिलते क्या?"

"रेडियो पे पाठ आते ना? सुनने बोलो."

"वो तेलुगू में आते, साब."

"तो अच्छाच है ना. तेलुगू भी सीख जाते बच्चे!"

टेबलाशी बसलेले दोघं कारकून हसले. साहेबही हसले. मी पण थोडासा हसलो, नोकरी नवी होती. त्या हसण्याची मला आजही चीड येते. त्यांच्यासाठी 'घरीच अभ्यास' ही एक ओळ होती, लिहिली की काम संपलं. आमच्याकडं घर म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कापूस फुटलेला होता. त्या दिवसांत शाळा बंद म्हणजे पोर वावरात, आणि एकदा कमरेला ओटी बांधून वेचणीला लागलेलं पोर पुढच्या वर्गात परत दिसेलच याचा भरवसा नाही. माझी आई दुसऱ्यांचा कापूस वेचत म्हातारी झाली. तिनं मला बरोबर नेलं नाही, एवढ्याच एका गोष्टीमुळं मी मास्तर झालो. माझ्या बरोबरीचे जे गेले ते गेलेच.

परतीच्या बसमध्ये मला आमच्या विहाराचा भोंगा आठवला. विहाराजवळच्या लोखंडी खांबावर तो बसवलेला होता, तोंड गावाकडं. विहाराची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना मी भीत भीत विचारलं.

बाबा म्हणाले, "वंदनेले वापरतो, लग्नाले वापरतो, मंग शिक्षणाले काऊन नाई? घे बापू. फक्त वायर वढू नको जोरानं."

दुसऱ्या दिवसापासून शाळा भोंग्यावर सुरू झाली. सकाळी भाकरीच्या वेळेला मी विहारात बसून पाढे म्हणायचो, गणितं घालायचो, शुद्धलेखन सांगायचो. पोरं आपापल्या ओट्यावर पाटी घेऊन बसायची. संध्याकाळी मी गल्लीगल्लीनं फिरायचो, पोरं दारातून पाट्या उंच धरायची आणि मी अंगणात उभा राहून चुका सांगायचो. गावाला हे फार आवडलं. एक बाई म्हणाली, "भाकर थापता थापता मले सतराचा पाढा पाठ झाला, सर. आता मलेबी एखादी नोकरी लावून द्या." गुरुजींना लोक रस्त्यात थांबवून माझं कौतुक सांगत. मलाही माझा आवाज आवडायला लागला. खरं म्हणजे बिघाड तिथंच सुरू झाला.

गावाच्या मागं नाला आहे आणि नाल्यापलीकडं चार-पाच घरं. त्यातल्या एका घरात ती मुलगी. बाप हंगामापुरता भैंशाला कापसाच्या जिनिंगवर गेलेला, आई रोज वेचणीला. भोंग्यावर शाळा भरते हे कळल्यावर आईनं पोरीला वावरात न्यायचं थांबवलं होतं. तेवढ्यापुरतं माझं काम चांगलंच होतं. पण संध्याकाळी जावं तर पोरीची पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी कोरी. तिसऱ्या दिवशीही तिनं पाटी उंच धरली, स्वच्छ पुसलेली, आणि मान खाली घातली. मी "काऊन लिहिलं नाही?" म्हणून ओरडलो आणि पुढच्या घराकडं निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाढे झाल्यावर मी भोंग्यावर तिचं नाव घेतलं. बापाचंही घेतलं. म्हणालो, "आई उन्हात कापूस वेचते आणि ही घरी बसून आयतं खाते, पाटीवर एक अक्षर नाही. अशा पोरीनं शाळेचं नाव कशाला सांगावं? ही वावरातच बरी." गल्लीतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, आता बाकीची पोरं तरी धाक घेतील.

त्या संध्याकाळी तिच्या दाराला बाहेरून कडी होती. दुसऱ्या दिवशीही. पोरगी आईबरोबर वेचणीला जाऊ लागली होती. आणि मी काय म्हटलं असेल मनात? म्हटलं, बघा, बरोबरच बोललो होतो.

आठवडा गेल्यावर मला राहवेना, म्हणून मी समजूत घालायला गेलो. माफीचा विचारही मनात नव्हता. आई नुकतीच वावरातून आली होती, कापसाचं गाठोडं अंगणात टाकून पाणी पीत होती.

मी म्हटलं, "बाई, पोरीला घरी ठेवा. वर्ष वाया जाईल तिचं."

"तुमीच तं म्हणले, वावरातच बरी. सरायनं म्हणल्यावर मी कोण अडवणारी?"

"रागाच्या भरात बोललो. पण तिनं लिहायला पाहिजे होतं ना काहीतरी."

तेवढ्यात विहारात संध्याकाळची वंदना सुरू झाली. आईनं लोटा खाली ठेवला. "हे आइका," ती म्हणाली. "काय म्हणून राह्यले, सांगा मले."

मी कान दिला. घुं घुं घुं. जी वंदना मला बोलता येऊ लागल्यापासून तोंडपाठ आहे, तिचा एकही शब्द मला लागेना. भोंग्याची पाठ आमच्याकडं होती, मधे चिंचेची झाडं होती आणि वाराही उलटा होता. नाल्यापलीकडं माझी शाळा कधी पोचलीच नव्हती. इतक्या दिवसांत भोंगा लावून एकदा तिथं जाऊन उभं राहावं आणि ऐकून बघावं, हे मला सुचलं नव्हतं. बाकीच्या घरांतली पोरं अजून लहान होती, शाळेत जाणारी ही एकटीच, सांगणार कोण?

"मग हिनं मला सांगितलं का नाही?" मी अजूनही भांडतच होतो.

पोरगी दाराआडून बोलली. "तुमी आइकलंच कुठं? काऊन लिहिलं नाही म्हणले. मी सांगाले लागली तं तुमी पुढच्या घरी."

"पण मी जे बोललो, ते तरी तुम्हांला कसं—"

आई हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "धडा सांगाले नाल्यावरून कोणी आलं नाई, सर. हे सांगाले चार जणी आल्या."

मी तिथंच, खालच्या आवाजात, "चुकलं माझं" म्हणालो. आई म्हणाली, "मले काय सांगता? वावरात पोट्टे इले वावरवाली म्हणून चिडवतात. सर्व्या गावात बोलले ना? मंग सर्व्या गावात मागं घ्या. मंग पाठवतो पोरीले."

सोपी अट होती. मी ती पाळली नाही. गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मास्तर माफी मागाले लागला, तं उद्या पोट्टे आपल्याले उठबशा काढाले लावतील." मला असंच काहीतरी ऐकायचं होतं. मी गुपचूप भोंगा थोडा तिरपा करून घेतला आणि आपण चूक दुरुस्त केली अशी स्वतःची समजूत घातली. ज्या पोरीसाठी तिरपा केला, ती त्या वेळी वावरात होती.

गोवर गावातून केव्हाच गेला होता, पण शाळा उघडायचा हुकूम काही येईना. बंदचा हुकूम एका दुपारी सायकलवरून आला होता. उघडायच्या हुकुमासाठी मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी ट्रेनिंगला. एकदा कारकुनानं डोळा मारून विचारलं, "क्या मास्टर, घर पे पढाई में मजा नहीं आ रहा क्या?" तोवर वेचणी भरात आली आणि पोरं एकेक करून वावराकडं निघाली. त्यांच्यातल्या काहींची नावं पुन्हा हजेरीत कधीच आली नाहीत. या गोष्टीसाठी कुणालाही जाब विचारला गेला नाही. पुढंही मी मोठमोठ्या माणसांना सांगताना ऐकलं, 'मुलं घरीच शिकतील.' आवाज कुणाच्या घरापर्यंत जातो, हे त्यांच्यातला एकजणही कधी विचारत नाही. पण मी तरी कुठं विचारलं होतं? माझी चीड तिथं येऊन अडते.

शेवटी शाळा उघडली. हजेरी घेताना मी तिचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. मागच्या पट्टीवरचा एक मुलगा सहज, अजिबात वाईट हेतू नसताना, म्हणाला, "सर, ते वावरवाली ना? ते नाई येत आता."

माझाच शब्द होता. आता तो वर्गातलं तिचं नाव झाला होता.

शाळा सुटल्यावर मी विहारात गेलो. बाबा म्हणाले, "शाळा तं सुरू झाली. आता भोंगा काऊन?" मी सांगितलं. त्यांनी स्वतः शिडी आणून खांबाला टेकवली. माणसं वावरातून परतेपर्यंत आम्ही थांबलो. आधी गावाकडं तोंड ठेवून बोललो. आवाज कापत होता आणि तो कापताना गावभर ऐकू जात होता. मग बाबांनी धरलेल्या शिडीवर चढून मी भोंगा पुरता फिरवला, नाल्याकडं केला, खाली उतरलो आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. पुढच्या सोमवारी ती शाळेत आली. माझ्याशी मात्र वर्षभर कामापुरतंच बोलली, आणि तो तिचा हक्क होता.

मी म्हटलं ते इतकंच :

"नाल्यापलीकडच्या माझ्या विद्यार्थिनीचं मी या भोंग्यावरून नाव घेतलं होतं. ती आळशी नव्हती. माझा आवाज तिच्या घरी येतच नव्हता आणि मी ते कधी जाऊन पाहिलं नाही. तिची पाटी माझ्यामुळं कोरी राहिली. ती वावरातच बरी, असं मी बोललो. ते खोटं होतं आणि मी ते मागं घेतो. तिला कुणी त्या नावानं हाक मारू नका. हसायचं असेल तर मला हसा. पोरी, मी तुझी माफी मागतो. तुझ्या आईचीही मागतो."

आणि नाल्याकडं बोलताना एक वाक्य जास्तीचं म्हटलं, "ऐकू आलं नसेल तर सांग, मी घरी येऊन म्हणतो."