नाल्यावरच्या दिव्याचे दोन साक्षीदार

आडेभाऊंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा ते जमिनीवर नव्हते. मारेगावहून बदली होऊन मी यवतमाळला आलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक पेटी आणि घरमालकांचे नाव लिहिलेली चिठ्ठी एवढेच होते. देवकृपा ले-आउटमध्ये त्या वेळी घरे थोडी आणि आखून ठेवलेली मातीच जास्त. विचारायला माणूस दिसेना. तेवढ्यात वरून आवाज आला, "कोणाचं घर पाहून राह्यले?"

विजेच्या खांबावर कमरेला दोर बांधलेला एक लाइनमन होता. मी नाव सांगितले.

"सरळ जा. अकरा नंबरचा खांब लागन, त्याच्यापुढे तेरा. तेराच्या खाली निळं फाटक."

"आणि बारा?"

"बारा तांड्यात आहे. त्याची गोष्ट मोठी आहे, मंग सांगतो. आधी सामान तं ठेवा."

ती गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी खरोखरच घरी येऊन सांगितली. बारावा खांब आमच्या ले-आउटमध्ये, अकरा आणि तेराच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहायचा होता. नाल्यापलीकडे सोमला तांड्यात एक सुईण राहत होत्या. त्यांना बोलवायला वेळी-अवेळी माणसे अंधारात ठेचकाळत जात. आडेभाऊंनी साहेबांकडे चार खेपा घालून परवानगी काढली आणि तो खांब त्यांच्या दारात नेला. पुढे आमच्या ले-आउटमधली कितीतरी मुले त्याच बाईंच्या हाती जन्मली. पण खांबाचा नंबर इकडचा आणि उजेड तिकडचा, ही तक्रार काही जण अजूनही करतात.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाल्याच्या अलीकडे आमचा ले-आउट, पलीकडे सोमला तांडा, आडेभाऊंची बंजारा वस्ती. नगरपालिकेच्या कागदावर त्याचे आता सोमलानगर झाले आहे. आडेभाऊंचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. इथल्या विहिरीचे पाणी गोड लागले म्हणून ते थांबले, जमीन कसू लागले. शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत नंतर आले. आम्ही नोकरदार मंडळी तर फारच नंतर आलो.

निवृत्त झाल्यावर आडेभाऊंनी एक जाड वही घेतली आणि दोन्ही वस्त्यांतल्या बारीकसारीक गोष्टी लिहायला सुरुवात केली. आमच्या बस थांब्याला 'टाकी' म्हणतात, पण तिथे टाकी का नाही? ले-आउटमध्ये तिसऱ्या गल्लीनंतर एकदम पाचवी का येते? कोपऱ्यावरच्या घराचे फाटक मागच्या बाजूला का आहे? सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले की दोन्ही वस्त्या शाळेच्या मैदानात समोरासमोर बसतात आणि आडेभाऊ प्रश्न विचारतात. माझे अक्षर बरे आहे म्हणून कार्डे लिहायचे काम माझ्याकडे असते.

पहिल्या वर्षी आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी चेष्टेने म्हणाले, "आडे, अहो तांड्याला कसला आलाय इतिहास?"

आडेभाऊ शांतपणे म्हणाले, "इतिहास तांड्यालेच आहे गुरुजी. तुमच्या ले-आउटले तं फक्त नकाशा आहे."

त्यावर सर्वांत मोठ्याने गुरुजीच हसले. पण पुढे एकेका उत्तरावरून खरीच भांडणे होऊ लागली, तेव्हा आडेभाऊंनी नियम केला. जो प्रसंग विचारायचा त्याला दोन जिवंत साक्षीदार हवेत, एक नाल्याच्या अलीकडचा, एक पलीकडचा. दोघांनी तो स्वतः पाहिलेला हवा. दोघांपैकी एक गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर प्रश्न बाद. स्वतःच्या वडिलांविषयीचे दोन प्रश्न त्यांनी याच नियमाने खोडले, हे मी पाहिले आहे.

एकोणिसावा प्रश्न असा होता: नाल्यावरचा पहिला दिवा कोणी लावला? उत्तर: दुसऱ्या गल्लीतल्या निर्मलावहिनींनी. साक्षीदार पलीकडून स्वतः आडेभाऊ आणि अलीकडून निर्मला. निर्मला म्हणजे माझी पत्नी. दिव्यासाठी बोलावलेले पाहुणे आलेच नाहीत, म्हणून आडेभाऊंनी समोर उभ्या असलेल्या माणसांत पाहून तिलाच बटन दाबायला सांगितले होते. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मी ऑफिसातून परत आलो, नाल्यावर उजेड दिसला, घरी येऊन "दिवा लागला वाटतं" एवढे म्हणालो. ती "हो" म्हणाली. बटन तिने दाबले हे मला आडेभाऊंच्या वहीतूनच कळले. आमच्या घरात बोलणे तसे कमीच असे.

गेल्या श्रावणात निर्मला गेली.

जानेवारीत आडेभाऊ प्रश्नांची यादी घेऊन आले. मी कार्डे लिहायला बसलो, तर अठरानंतर वीस होता.

"एकोणिसावा राहिला," मी म्हणालो.

ते खाली पाहत म्हणाले, "साक्षीदार एकच उरला, बाबूसाहेब."

"अलीकडून मी सही करतो."

"तुम्ही होते काय तिथं?"

"नव्हतो. ऑफिसात होतो."

"मंग?"

मी बाकीची कार्डे लिहून दिली. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. आडेभाऊंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, मला समजत नाही. पण लिहिले नाही तर पुढचे सांगता येणार नाही. तिचे कपडे देऊन झाले होते, रेशनकार्डावरून नाव कमी झाले होते. दोन वस्त्यांच्या त्या वहीत तेवढी एक ओळ राहावी, एवढीच माझी इच्छा होती. मी त्यांच्याकडे जाणे बंद केले.

मला नंतर कळले की त्या आठवड्यात आडेभाऊ आमच्या ले-आउटमध्ये घरोघरी फिरत होते. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला माणूस, हातात काठी. जुनी बरीच माणसे पुण्या-नागपूरला मुलांकडे गेली, काही वारली. त्या संध्याकाळचे कोणीच सापडेना. शेवटी कोणीतरी कुसुमताईंचे नाव घेतले. या कुसुमताई पूर्वी आमच्याच बाजूला, नाल्याला लागून राहत आणि आता पांढरकवड्याला मुलीकडे असतात. एके सकाळी आडेभाऊ माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"चला, पांढरकवड्याले जाऊ. पण एक गोष्ट आहे. तुम्ही काही सांगाचं नाही, नाव बी नाही. नुसतं ऐकाचं."

आम्ही एसटीने पांढरकवड्याला गेलो.

कुसुमताई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. नजर अधू झाली आहे, पण आवाजावरून त्यांनी ओळखले. "काहून रे आडे, जिता आहे काय तू अजून?"

"हाव ताई. तुमच्या आधी जाईन तं तुम्ही रागवान."

"मोठा आला! बस. हे कोण?"

"ऑफिसातले आहेत. ताई, नाल्यावरचा दिवा आठवते काय तुम्हाले?"

एवढेच त्यांनी विचारले. पुढे एक शब्द सुचवला नाही.

"आठवते म्हणजे? तो लागलाच नाही ना बाप्पा पहिल्यांदा! त्या बाबूच्या नव्या बायकोनं बटन दाबलं, तं काहीच नाही. सारे हसले अन् चालले गेले घरी. तू पुन्हा चढला खांबावर. मी तिले म्हटलं, चाल ना वो, स्वयंपाक नाही काय तुले? तं म्हणे, नाही ताई, वर माणूस आहे, मी बटनापाशीच उभी राहते, कोणाले हात लावू देत नाही. अन् एक डोळा तिचा बटनावर अन् एक रस्त्यावर."

आडेभाऊंनी हळूच विचारले, "रस्त्यावर काहून?"

"नवरा येत होता ना तिचा! टाकीवर उतरे अन् त्या फळीवरून अंधारात नाला पार करे. ती रोज येऊन उभी राहे माह्या अंगणात. तो फळीवरून इकडे आला का मागच्या गल्लीतून पळत घरी जाये, त्याच्या आधी पोचाले. मी म्हणो, सांग ना त्याले, का तुले भेव वाटते. तं म्हणे, ते हसतीन. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणीच आलतं. म्हणे, आज बी अंधारच राह्यला तं? मंग तू खाली उतरला, तिनं पुन्हा बटन दाबलं अन् लागला." मग त्यांनी विचारले, "कशी आहे ती आता?"

आडेभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "गेली. श्रावणात."

कुसुमताई माझ्या दिशेने वळल्या. मग म्हणाल्या, "मंग तो बाबू तू होय?"

"हो."

"जेवल्याशिवाय जाऊ नको," एवढेच म्हणाल्या. आम्ही जेवलो. माझ्याच्याने भाकरी संपेनात, ते त्यांना दिसले नसावे. आडेभाऊंना दिसले. त्यांनी माझ्या ताटातली एक भाकरी मुकाट्याने उचलून आपल्या ताटात घेतली.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी नवीन काही कळत नाही. जे ठाऊक असते तेच आपण पुन्हा पुन्हा आठवतो, आणि तेही झिजत जाते. पाच महिन्यांनंतर मला माझ्या पत्नीची एक संपूर्ण नवी गोष्ट मिळाली. त्या दिवशी आडेभाऊंनी माझी सही चालवून घेतली असती, तर मला वहीतली एक ओळ मिळाली असती आणि ही गोष्ट कुसुमताईंजवळच राहिली असती.

परतताना एसटीत आडेभाऊ म्हणाले, "फ्यूजची तार म्याच ढिली ठेवली असन. अन् इतकी वर्षं मले वाटे का पहिल्या दाबात लागला. मी वर होतो अन् त्या खाली राखण करून राह्यल्या, हे बी इसरलो." घरी गेल्यावर त्यांनी वहीतले उत्तर स्वतः दुरुस्त केले: 'निर्मलावहिनींनी, दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळची चूक लाइनमनची.' ती रोज कोणासाठी उभी राहत असे, ते लिहू का, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हणालो. "बरं," ते म्हणाले, "ते तुमचं." आज ते मी माझ्या हाताने इथे लिहिले आहे, कारण त्यांनी काय मिळवून दिले, हे त्याशिवाय कोणाला कळणार नाही.

आता एकोणिसाव्या प्रश्नाला पुन्हा दोन साक्षीदार आहेत. कुसुमताई पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, आडेभाऊ पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्या संध्याकाळी तिथे असलेले तिसरे कोणी आता सापडणार नाही, हे ते स्वतः फिरून पाहून आले आहेत. नियम बदला असे मी त्यांना कधी म्हणणार नाही. त्यामुळे या ग्रंथात इतरांनी त्यांना दीर्घायुष्य चिंतले असेल, पण माझ्या शुभेच्छेला थोडा स्वार्थाचा वास येईल. तो मला मान्य आहे.

आडेभाऊ, गुडघ्यांना जपा, गोळ्या वेळेवर घ्या, खांबांकडे पाहत रस्त्याने चालू नका. कुसुमताईंना भेटायला दर दोन महिन्यांनी जाऊ. तिकिटे मी काढून ठेवत जाईन.