नाजूकबाई

ही वही कुणी उघडलीच, तर ऱ्हस्व-दीर्घ पाहू नये. माझी शाळा चौथीत सुटली आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण नाजूकबाईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नाजूकबाई म्हणजे माझी सहा वर्षांची नात. शिवण बोचते म्हणून तिचे मोजे उलटे घालायचे. वरणाचा ओघळ भाजीला लागला की ताट बाजूला. मिक्सरआधी मी "लावते हं" म्हणायचं, बाईंनी कान झाकायचे, मग चटणी वाटायची. मी परदेशात मुलाकडे, पॉइंट कुकला, तीन महिन्यांसाठी गेले आणि करोनामुळे पावणेदोन वर्षं अडकले. मुलगा-सून दारं लावून कामाला. दिवसभर बाई माझ्या पदरात.

"आई, ती सेन्सिटिव्ह आहे," मुलगा म्हणायचा.

"दातांच्या पेस्टवर लिहिलेलं असतं ते?"

"तसंच समज. जरा काही लागलं की कळ जाते."

शाळा टॅबवर भरायची. एकदा मिस कुठल्याशा मुलाला रागावल्या आणि रडायला लागली ही.

"अगं, तुला कुठे रागावल्या?"

"बट ही वॉज सॅड, आजी."

"मग त्याची आजी बघेल ना!"

"त्याची आजी इंडियात असेल तर?" म्हणून आणखी रडली.

मला वाटलं, दृष्टच लागली हिला. एका सकाळी मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागेना. म्हणजे दृष्ट जबर, म्हणून आणखी चार मिरच्या टाकल्या. तोच छतावरचा धुराचा भोंगा जो किंचाळायला लागला! मुलगा धावत येऊन त्याच्याखाली टॉवेल फिरवत राहिला. नाजूकबाई सापडली कपड्यांच्या कपाटात, चड्डी ओली. मला बघून आणखी आत सरकली.

"आई, काही दिवस तिच्या मागे लागू नका," सून म्हणाली. रागावून नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

चार दिवस ती माझ्याजवळ आली नाही, माझ्या हातचं जेवली नाही. मी चिडलेच. आम्हाला मास्तर छडीने मारायचे, आम्ही बसलो का कपाटात? खरं तर मास्तरांनी दुसऱ्याला मारलं तरी माझं पोट दुखायचं. चौथीत तशीच घरी बसले मी. हे कधी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी ती पुन्हा कपाटात जाऊन बसली, तेव्हा मी कपाटापुढे जमिनीवर बसले. आमच्याकडे मोठी माणसं लहानांना असं म्हणत नाहीत, पण म्हटलं, "माझं चुकलं."

आतून आवाज आला, "तू पण घाबरली होतीस?"

"खूप."

"मग तू पण आत ये."

"अगं, मी मावते का त्यात?"

"पाय तरी."

मी पाय आत घातले. लगेच, "आजी, तुझे पाय किती गार आहेत!" एवढं करून वर तक्रारच.

विमानं सुरू झाली तशी मी निघाले. विमानतळावर सारख्या सूचना, आणि हिचे दोन्ही हात कानांवर. ना मिठी, ना टाटा. निरोपालाही नखरे! शेवटी वैतागून तिच्या हातांवर मी माझे हात घट्ट दाबले. तेव्हा तिने आपले हात खालून हळूच काढून घेतले आणि माझ्या कमरेला घातले.

"आई, उशीर होतोय," मुलगा म्हणाला.

तिला ते ऐकू आलं नाही.