सालपटबाईची कृती

माझ्या आईला क्षमा करता येत नाही. बाकी सगळं येतं. शर्टाची विटलेली कॉलर उसवून उलटी लावता येते, साबणाचे उरलेसुरले तुकडे जुन्या मोज्यात भरून त्यावर महिनाभर भांडी घासता येतात, एका पातेल्यात दोन वेळचं जेवण निघतं. पण कुणी दुखावलं, तर तेही ती असंच जपून ठेवते. टाकून देणं तिच्या स्वभावातच नाही. ही तक्रार समजू नका, मीही तिचीच मुलगी आहे.

बाबा छापखान्यात होते. ते गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि ताई सात. आईला मुलांच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भाजी चिरायचं काम मिळालं. रोज मणभर भाजी सोलायची आणि सालींची बादली उकिरड्यावर ओतायची. आठवडाभर तिने ओतली. आठव्या दिवशी मुख्य आचाऱ्याला विचारलं, की थोड्या साली घरी नेऊ का. तो म्हणाला, ने की, गुरं आहेत का घरी? आई म्हणाली, दोन वासरं आहेत.

ती दोन वासरं म्हणजे ताई आणि मी. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते आम्ही रोज पाहिलं. बटाट्याच्या साली तीन पाण्यांतून निघायच्या, त्यात हिरवट दिसली ती बाद, बाकीच्या मिठाच्या पाण्यात. मटारची टरफलं उकळून, घोटून गाळली की दाट हिरवं सूप व्हायचं. फ्लॉवरचे दांडे किसले जायचे. पातेल्याला सणसणीत उकळी आली की गॅस बंद. मग ते पातेलं जुन्या ब्लँकेटात गुंडाळून लाकडी खोक्यात बसवायचं, म्हणजे दुपारपर्यंत आतल्या आत शिजायचं. ताई शाळेतून आली की दप्तर न काढता आधी ब्लँकेटला हात लावून बघायची. कोमट लागलं की तिचा चेहरा उजळायचा.

आता मोठ्या काकूकडे येते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, एका कचेरीत चांगल्या हुद्द्यावर. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूच्या घरी सगळं होतं आणि ते आहे हे दुसऱ्यांना दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बाबा जाऊन वर्ष झालं असेल, एके दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन न सांगता आमच्याकडे आली. आई कामावरून नुकतीच परतली होती. काकूने सरळ खोक्याजवळ जाऊन ब्लँकेट बाजूला केलं, पातेल्याचं झाकण उचललं आणि चमच्याने आतली साल वर काढून मैत्रिणींना दाखवली.

"बघा. माझ्या दिराच्या पोरी सालपटं खातात."

त्या दिवशी आईचं नाव सालपटबाई पडलं. नातेवाइकांत ते असं फिरलं, की पुढे लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा लोक "त्या सालपटबाईला सांगितलं का?" असं विचारायचे. नावाचं एक वेळ सोडा. आठ दिवसांनी काका रिक्षा घेऊन आले. म्हणाले, थोरलीला आमच्याकडे पाठव, वर्षभरासाठी. आई नाही म्हणाली. तेव्हा काकांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, की मुलींना उपाशी ठेवते म्हणून तक्रार गेली तर दोघीही जातील, साक्षीला तीन बायका आहेत. आईने ताईचे कपडे पिशवीत भरले. दोघी जाण्यापेक्षा एक गेलेली बरी, असा तिने हिशेब केला. तिच्या आयुष्यातला तेवढा एकच हिशेब चुकला, असं ती म्हणते.

कारण वर्षाची सहा वर्षं झाली. दर रविवारी आई मला कडेवर, मग बोटाला धरून, बसचे पैसे वाचवत चालत काकूच्या दारी जायची. हातात स्टीलचा डबा. काकू दार अर्धं उघडायची, डबा घ्यायची, गेल्या रविवारचा घासलेला रिकामा डबा द्यायची आणि म्हणायची, "ती झोपलीय." कधी शिकवणीला गेलेली असायची, कधी मैत्रिणीकडे, पण बहुतेक वेळा झोपलेलीच. सकाळी अकरा वाजता झोपणारी मुलगी मी तरी दुसरी पाहिली नाही.

त्या डब्यात काय असायचं? वड्या. ताई गेल्यावर आईने हट्टच धरला, की साल अशी शिजवायची की कुणाच्या बापाला ओळखू येऊ नये. बटाट्याच्या आणि गाजराच्या साली बारीक चिरून, भोपळ्याची साल वाफवून, त्यात शिळ्या पावाचा चुरा आणि कांदा घालून तिने वड्या थापल्या. चव काही जमेना. मग कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून ती पिळलेली लिंबं आणायला लागली. त्यांची फक्त वरची पिवळी साल किसून वड्यांत घातली आणि पहिल्या घासाला मी वेडी झाले. ही लिंबाची गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही, आचाऱ्यालाही नाही.

मी रागावून म्हणायचे, कशाला नेतेस, काकू त्या वड्या कुत्र्याला घालत असणार. आई म्हणायची, घालू दे, कुत्रं तरी नीट जेवेल. पण परतीच्या वाटेवर तिचा ओठ दातांखाली असायचा.

ताई चौदा वर्षांची झाल्यावर काकांनी तिला दूरच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. त्या रविवारचा डबा परत आलाच नाही. पुढे ताई शिकली, नोकरीला लागली. लग्नकार्यांत भेटायची तेव्हा आईशी नीट बोलायची, पण पाटीवरचं नाव वाचावं तशी "आई" म्हणायची. काकूने तिला सांगून ठेवलं होतं, की आईला तू जड झालीस म्हणून तिने तुला आम्हाला दिलं. हे मला एका मावशीकडून कळलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला म्हटलं, जाऊन खरं सांग. ती म्हणाली, "मी सांगितलं तर ते रडगाणं होईल. तिने विचारलं तर उत्तर देईन."

वीस वर्षं अशी गेली. मग काका निवृत्त झाले. काकूने कचेरीतल्या पंचवीस माणसांना घरी जेवायला बोलावलं, आणि दोन दिवस आधी तिचा ठरलेला आचारी आजारी पडला. काकांना भावजय आठवली. भाजी घरपोच आली: आठ किलो बटाटे, गाजरं, मटार, एक थोरला भोपळा, फ्लॉवरचे गड्डे. सोबत काकूचा निरोपही आला, की सगळं नीट सोलून घे, साली टाकून दे, हे तुझं घर नाही.

आईने निरोप ऐकून घेतला. मग पदर खोचला आणि मला म्हणाली, "बस. जरा जाड सोल." आणि त्या दिवशी मी तिला वीस वर्षांत पहिल्यांदा काम करताना गुणगुणताना ऐकलं.

आम्ही सगळं सोललं. सोललेले बटाटे, गाजरं, भोपळ्याच्या फोडी आणि मटारचे दाणे दोन मोठ्या टोपांत पाण्यात ठेवले आणि वर झाकणं घातली. स्वयंपाक साली, टरफलं आणि दांड्यांचा झाला. साली कमी पडल्या त्या मेसमधून आणल्या. जेवणाच्या दिवशी सकाळी सगळं टेम्पोतून काकूच्या घरी पोचलं. ते दोन झाकलेले टोप बघून काकूने विचारलं, यात काय? आई म्हणाली, ते शेवटी वाढायचं आहे.

दुपारी पाहुणे बसले. ताईही आली होती. आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. सूप दोनदा फिरलं. वड्या गेल्या आणि बोलणं थांबलं, नुसता चमच्यांचा आवाज. काकांचे साहेब, लठ्ठ आणि मितभाषी माणूस, त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. तेवढ्यात ताईने घास घेतला आणि हात तसाच थांबवला.

"काकू, या तुझ्या रविवारच्या वड्या."

मी आईकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं. ताई शेजारच्या बाईंना सांगत होती, की ती या घरी आली तेव्हा काही खायचीच नाही, वाळून काडी झाली होती. मग काकूने रविवारी तिच्यासाठी अशा वड्या करायला सुरुवात केली. त्या ती पुरवून पुरवून बुधवारपर्यंत खायची. "हाच वास. मोठेपणी किती जागी शोधल्या, कुठे मिळाल्या नाहीत."

आई माझ्या दंडाला धरून उभी होती. तिची बोटं रुतली, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते. कुत्र्याला नव्हत्या गेल्या तर वड्या. काकूने त्या स्वतःच्या म्हणून ताटात वाढल्या होत्या, सहा वर्षं.

साहेबांनी काकूला विचारलं, की ही तुमची कृती का. काकूने अर्धा क्षण आमच्याकडे पाहिलं. तिथे ती गप्प बसली असती तर कदाचित वाचली असती. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"माझीच. आमच्या जावेला मीच शिकवली."

आई बाहेर आली. पदराला हात पुसले आणि इतक्या गोड आवाजात बोलली, की मला भीती वाटली.

"जाऊबाई, कृती सांगा ना सगळ्यांना. विचारतायत ते."

काकू हसली. म्हणाली, त्यात काय, बटाटे उकडायचे, गाजर किसायचं, मटार...

"थांबा," आई म्हणाली. तिने मला खूण केली. आम्ही दोघींनी ते टोप उचलून आणले आणि पाहुण्यांच्या मधोमध ठेवले. आईने एकेक झाकण उचललं. "हे बटाटे. हे गाजर. हे मटार, हा भोपळा. तुम्ही पाठवलेलं सगळं आहे, वजन करून घ्या. आता सांगा, वड्या कशाच्या झाल्या?"

काकू एकेका टोपात वाकून बघू लागली.

"मी सांगते. ज्या सालपटांसाठी माझी मुलगी नेलीत, त्यांच्या. आणि वरून लिंबाची साल, ती तुम्हाला कधी ओळखू आली नाही."

साहेबांनी ताटातल्या वडीकडे बघितलं, ती तोंडात टाकली आणि विचारलं, अजून आहेत का. त्यावर कुणीतरी फिसकन हसलं आणि काकूचा चेहरा जो पडला, तो मी आजही डोळे मिटून बघते. मला त्याची लाज वाटत नाही.

ताई मात्र हसली नव्हती. ती उठून आईसमोर आली.

"दर रविवारी तू यायचीस?"

"सहा वर्षं. दारापर्यंत."

"आत का नाही आलीस?"

"तू झोपलेली असायचीस."

ताईने काकूकडे वळून बघितलं. आतल्या खोलीत गेली आणि कपाटाच्या वर ठेवलेला एक स्टीलचा डबा घेऊन आली. शाळेत असताना ती त्यात पेन्सिली ठेवायची. तळाशी पोचा आलेला, आमचाच. आईने तो उलटसुलट करून पाहिला. वीस वर्षांनी लेक समोर उभी होती आणि ही बाई विचारते काय, तर "याचं झाकण कुठंय?"

तेव्हा ताई हसली, आणि मग रडली. आईने तिला जवळ घेतलं, पण डबा काही खाली ठेवला नाही.

निघताना आई जिन्यावरून परत वर गेली. मला वाटलं, आता जाऊबाईची कीव आली. कसली कीव? टोपांतलं पाणी कमी झालं होतं, ते भरायला गेली होती. सोललेले बटाटे उघडे राहिले तर काळे पडतात, आणि बटाट्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

आता ताई दर रविवारी आमच्याकडे असते. येताना बेकरीतून शिळा पाव आणते, आईच्या हुकमानुसार, कारण ताजा महाग आणि चुऱ्याला निरुपयोगी. आल्या आल्या ब्लँकेटला हात लावून बघते.

तीन महिन्यांनी एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, दार वाजलं. मी फटीतून पाहिलं तर काकू. बारीक झाली होती. हातात त्या डब्याचं झाकण होतं, लख्ख घासलेलं. ताईला भेटायचं होतं तिला, फक्त पाच मिनिटं. ताई आत ताटावर बसली होती, तोंडात घास, आणि तिला सगळं ऐकू येत होतं. ती उठली नाही.

आईने दार अर्धं उघडलं. झाकण घेतलं, डब्याला बसतं का ते तिथेच लावून पाहिलं. बसलं.

"ती झोपलीय," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.