एकच्या जागी चार

सूनबाई काय काम करते असं कोणी विचारलं, की मी पूर्वी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून मोकळा व्हायचो. माझी सगळी हयात कापडाच्या दुकानात मीटर मोजण्यात गेली, मला त्यातलं काय कळणार? तिला मात्र हे उत्तर अजिबात आवडायचं नाही. एकदा भाजी निवडता निवडता तिने मला बसवून सांगितलं. यंत्रात जो प्रोग्रॅम चालतो त्याला स्वतःहून काही दिसत नाही. कोणता भाग कुठे बसवलाय, कोणाची तार कोणाकडे जाते, हे त्याला एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात.

"आणि ती फाइल मी लिहिते, बाबा."

काम तिच्या स्वभावाला धरूनच आहे. दोन दिवस माहेरी निघाली तरी साखर कुठे, गोळ्या कुठल्या कप्प्यात, गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा, सगळं माझ्याकडून वदवून घेते. मी चिडतो. या घरात मी तिच्या कितीतरी आधीपासून राहतोय.

तिच्या कंपनीत नवजात बाळांना ऊब देणारी पेटी बनते. ऊब प्रमाणाबाहेर गेली किंवा वीज गेली, की पेटीने मोठ्याने ओरडायचं; वीज नसताना चालावी म्हणून आत बॅटरी असते. मध्यंतरी तपासणीत एक पेटी ओरडलीच नाही. एकदाच. पुन्हा लावून बघितली तर ठणठणीत. साहेबांनी लगेच निकाल देऊन टाकला, तारा जोडणारं सोल्डरिंग कच्चं असणार. ते हाताने करणाऱ्या काकूंचं वय झालंय, हात कापत असतील, महिनाअखेरीला त्यांना घरी बसवू. सूनबाई नोकरीला लागली तेव्हा ओळख ना पाळख, या काकूंनी तिला आपल्या डब्यातलं खायला शेजारी बसवून घेतलं होतं. आता तिच्याच घशाखाली घास उतरेना.

रविवारी ती परवानगी काढून पेटीतला बोर्ड घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. मुलगा बाहेरगावी, त्यामुळे हाताखाली मी.

"मी हे ऊब मोजणारं टोक गरम पाण्यात बुडवते. ओढा म्हटलं की प्लग ओढायचा. आधी नाही, नंतर नाही."

"आयुष्यभर गिऱ्हाइकांचं ऐकलं, आता तुझं," मी म्हणालो.

ओढला. बोर्ड ओरडला. परत लावला, परत ओढला, परत ओरडला. कान किटले. शेजारच्या बाई काही जळतंय का विचारायला येऊन गेल्या. माझी कंबर बोलायला लागली तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अगं, साहेब म्हणतात तेच खरं असेल."

"असेल. अजून एकदा ओढा."

ओढला, आणि काहीच झालं नाही. स्क्रीनवर तापमान चढत होतं, बोर्ड मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून गप्प. मला वाटलं, मीच काहीतरी मोडलं.

सूनबाईने घाईघाईने आपली फाइल उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग हसायलाच लागली.

"बाबा, चूक माझी आहे."

"मग हसतेस काय?"

तिने समजावलं. बोर्डवर इंटरप्ट कंट्रोलर नावाचा एक भाग असतो. कोणालाही हाक मारायची असली की ती आधी त्याच्याकडे येते. त्याच्यासाठी फाइलमध्ये दोन आकडे लिहायचे: तार कोणती, आणि ती ऐकायची कशी. तार म्हणजे दारावरची बेल समजा. दुसऱ्या जागी एक लिहिलं, तर बेल वाजायला लागली तो क्षण तेवढा तो टिपतो. चार लिहिलं, तर बेल वाजतेय तोवर दाराशी जात राहतो. या पेटीत उष्णता आणि वीज दोघांची बेल एकच. एकाचं बोट बेलवर असताना दुसऱ्यानेही ठेवलं, की पहिला गेला तरी बेल चालूच. नव्याने वाजायला लागतच नाही, मग दुसऱ्याची आणि त्यानंतर येणाऱ्या कोणाचीही दाद कोण घेणार? जुन्या पेटीत प्रत्येकाची बेल वेगळी होती, तिथे एक चालून जायचं. तिने ती ओळ तिथून जशीच्या तशी उचलली होती.

तिने एकच्या जागी चार केलं. मग मी कंबर मोडेपर्यंत प्लग ओढला. बोर्ड दर वेळी ओरडला, आणि तो कर्कश आवाज मला फार बरा वाटला.

तिने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. काही आडपडदा न ठेवता सांगितलं, सोल्डरिंग पक्कं आहे, चूक माझ्या ओळीत होती. साहेबांनी तिला चांगलंच झाडलं. मला राग आला, पण ती शांतपणे सगळं ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे काकू राहतायत ना, सर?" ते "हो, हो, राहू देत" म्हणाले तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली. माझाही जीव भांड्यात पडला.

मग काकूंना फोन. नोकरी राहिली, हे सूनबाईने दोनदा सांगितलं.

"काकू, ऐकताय ना?"

"ऐकतेय गं," काकू म्हणाल्या. "साहेब बोलले तेव्हापासून घरी सुईसुद्धा धरली नाही मी. म्हटलं, आपल्या हातून एखाद्या बाळाचं काही... म्हणजे माझा हात नाही कापत?"

"नाही कापत, काकू."

पलीकडे काकू रडायला लागल्या, आणि इकडे सूनबाईही.