नदीकाठचा वनुआ

बऱ्हाणपूर स्टेशनावर काकांनी आमच्या दापोऱ्याच्या केळ्यांची फणी हातात दिली आणि मी फिजी बेटांकडे निघालो. आपला देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि तिथल्या हिंदी लोकांच्या शाळेला मास्तर हवा होता.

बंदराजवळ सगळा ऊसच. सुट्टीत मी नदीच्या वरच्या अंगाला मूळ रहिवाशांच्या एका गावी गेलो, तिथं मात्र अळूच अळू. पाहुण्याला करवंटीतून यंगोना (मुळांचं पेय) देतात. ठंडाई समजून घटाघटा प्यायलो आणि जीभच बधिर झाली. गावप्रमुखाची वयस्क बहीण लितिया पोट धरून हसली. शेजारच्या ऊसवाल्यांकडून ती हिंदी शिकली होती.

तिच्या आजोबांच्या काळी एका गोऱ्या मळेवाल्यानं दोन बंदुका देऊन नदीचा खालचा काठ बळकावला होता. आता त्याच्या नातवानं गावालगतच्या ओढ्याच्या अलीकडेही हद्दीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. बायका खुंट्यांच्या मधोमध दलो (अळूचे कंद) लावत. त्याची माणसं उपटून टाकत. बायका पुन्हा लावत.

मी तिथं असतानाच चौकशीला सरकारी साहेब आला. तो नवखा होता, तिथल्या भाषा त्याला येत नव्हत्या, म्हणून लितियाचं बोलणं मी इंग्रजीत सांगू लागलो.

“ई जमीन हमलोग के वनुआ है,” ती म्हणाली.

ही यांची प्रॉपर्टी आहे, असं मी साहेबाला सांगितलं. तिनं नेमका तो शब्द पकडला.

“प्रॉपर्टी नहीं, मास्टर! वनुआ मतलब जमीन, अउर हमलोग भी.”

मी ओशाळलो. ती साहेबाला घेऊन उताराकडे निघालीच. कुठला वाफा कुणी लावला, कुणाला कुठं पुरलं, तिला सगळं तोंडपाठ होतं. ऊन उतरेपर्यंत साहेब लिहीत होता. शेवटी म्हणाला, “ओढ्याच्या अलीकडच्या खुंट्या काढा.” मळेवाल्याची माणसं हलायच्या आत बायकांनी त्या उपटल्यासुद्धा.

दोन वर्षांनी परतलो, तेव्हा शेजारची संस्थानं विलीन झाली होती. मालगुजारी (जमीनदारी) जाणार म्हणून दापोऱ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी जमीनच होती. इतकी वर्षं त्या शेतांत वावरलो, पण कुठल्या बांधाला काय म्हणतात हे मी कधी विचारलं नव्हतं. आता काकांच्या मागं मागं फिरत विचारू लागलो.

फिरता फिरता मी त्यांना लितियाच्या गावाची गोष्टही सांगितली. एका बांधावर काका थांबले. “अन् ती बंदुकीवाली जमीन?”

“ती अजून मळेवाल्याकडंच आहे. पण लितियाच्या नाती तिथल्या वाफ्यांची नावं पाठ म्हणतात.”

काका पुढच्या बांधाकडे निघाले.

“मंग येईल वापस,” ते म्हणाले.