सासऱ्यांची सरकी

गिनीपिगच्या लघवीचा रंग सकाळच्या उजेडात पाहून तिचा उरलेला दिवस कसा जाईल हे सांगणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा सासरा आहे. हे वाक्य लिहीत असताना आमच्या हिनं खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि म्हणाली, "बाबांबद्दल लिहाले दुसरं काई भेटलं नाई का तुमाले?" भेटलं असतं. पण माणसाला अभिमान कशाचा वाटावा, हे काही त्याच्या हातात नसतं. कुणाचे सासरे आमदार असतात, कुणाचे तहसीलदार. माझे सासरे आर्णीला एका जुन्या कूलरसमोर मांडी घालून बसतात आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या, दातांनी, सांध्यांनी आणि मुतखड्यानं बेजार झालेल्या एका सात वर्षांच्या जिवाला सिरिंजनं गवताची पेज पाजतात. आमदाराच्या जावयानं अदलाबदलीचा विषय काढला तरी मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

ज्यांनी गिनीपिग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सशाचे कान लहान केले, उंदराची शेपूट काढून टाकली आणि उरलेल्याला भरपूर केस लावले की जे होईल ते. मात्र यातला 'उंदीर' हा शब्द मामाजींसमोर उच्चारायचा नाही. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना मामीजी.) शेजारच्या एका सद्गृहस्थांनी तो एकदा उच्चारला होता. त्यानंतर तीन महिने मामाजी त्यांच्या नमस्काराला नुसती मान हलवत होते.

मामाजी चाळीस वर्षं एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की हे खांद्यापर्यंत हात आत घालून तळाचा मूठभर कापूस बाहेर काढत, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत आणि धाग्याची लांबी सांगत. मग त्यातलीच एक सरकी दाताखाली फोडत आणि ओलावा सांगत. पुढे यंत्रं आली, पण शेतकरी यंत्राचा आकडा पाहून झाला की यांच्या तोंडाकडे पाहत. एकदा दिलेली ग्रेड त्यांनी कधी बदलली नाही. मामीजींच्या सख्ख्या भावाची गाडी होती तेव्हाही नाही, आणि त्यापायी दोन दिवाळ्या माहेरचं बोलावणं आलं नाही तरी नाही. बोटांनी पारख करायची ही सवय त्यांना घरीही सोडवत नसे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मला शिक्षण, पगार, शेती असलं काही न विचारता त्यांनी माझी कॉलर चिमटीत धरून चोळली आणि आत आवाज दिला, "शर्ट मिलावटीचा हाये, पोरगा बरा वाटून राह्यला." लग्न ठरलं ते एवढ्याच तपासणीवर.

गिनीपिग त्यांच्याकडे आली ती मात्र कसलीही तपासणी न होता. शेजारी राहणाऱ्या एका बँकेच्या साहेबांची बदली झाली. "पंधरा दिवस सांभाळा, काका," असं सांगून ते पिंजरा ओट्यावर ठेवून गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या दिवशी मामाजींनी तिच्या पाठीवरचे केस दोन बोटांत घेतले, जरा ओढल्यासारखं केलं आणि म्हणाले, "धागा आखूड हाये, पण चमक पाह्य!" रंग करडा-पांढरा होता, म्हणून नाव ठेवलं सरकी. मामीजी त्या वेळी म्हणाल्या होत्या, "ह्याइले रिटायर होऊन महिना झाला, आता घरात जिनिंग उघडून राह्यले."

मामीजींचा अंदाज अगदी बरोबर निघाला. सरकीचा चारा विकत घेणं हा आर्णीच्या आठवडी बाजारातला एक पाहण्यासारखा कार्यक्रम झाला. बैलांसाठी गवताचे भारे घेऊन बसलेल्या माणसाच्या पेंढीत मामाजी खांद्यापर्यंत हात घालत, तळाची चार पाती काढत, वाकवत, मोडत, हुंगत आणि नापास करत. असे पाच-सहा भारे नापास झाले की सातव्यातून मूठभर गवत घेऊन ते निघत. ज्याचं गवत पास होई तो माणूस दिवसभर तेच सांगून बाकीचा भारा खपवी. कोथिंबीरवालीनं तर त्यांना एकदा हात जोडून विचारलं, "भाऊ, सुनेले पाहाले गेलते तवा तरी एवढं पाह्यलं होतं का?" मामाजींनी जुडी उलटी करून देठं तपासता तपासता उत्तर दिलं, "सून तोंडानं सांगते ना, काय दुखते ते. हे सांगत नाई."

घाटंजीच्या एका लग्नात तर याहून मजा झाली. अंतरपाट धरायच्या आतच मामाजी उठले आणि "घरी पेशंट हाये, औषधाची वेळ झाली" असं सांगून निघाले. मामीजी त्या लग्नाला आल्या नव्हत्या. मांडवातल्या लोकांनी दोन आणि दोन चार केले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आर्णीच्या घरी माणसं यायला लागली. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटांचे पुडे, कुणी सफरचंदं. मामीजी अंगणात गहू पाखडत बसल्या होत्या. "बाप्पा, तुमी तं उठून बसल्या!" असं म्हणत एक चुलतजाऊ रडायलाच लागली. एवढ्या लांबून आलेल्यांना खरं काय ते सांगावं तरी कसं? शेवटी मामीजींनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि दुपारपर्यंत बरं नसल्यासारख्या बसून राहिल्या. आलेल्या सफरचंदांतली पातळ फोड कुणाच्या वाट्याला गेली ते सांगायला नको.

आता मामाजींची चूक सांगतो. ती लपवली तर ते स्वतःच मला नापास करतील. कापसाच्या माणसाचा एकच वैरी असतो आणि तो म्हणजे ओलावा. ओला कापूस काळवंडतो, गंजीत तापतो. चाळीस वर्षं मामाजी ओल्या मालाला हाकलत आले होते. त्यामुळे सरकीच्या बाबतीतही त्यांनी तोच कायदा लावला. कोथिंबीर गच्चीवर वाळवून कुरकुरीत करायची, पेरूची फोड धोतराच्या सोग्यानं पुसून द्यायची, पाण्याची बाटली अर्धीच भरायची. "पाणी जास्त झालं का माल गेला," असं ते आम्हाला बजावत. सरकी चार वर्षं गुमान वाळकं खात राहिली. एका सकाळी लघवी करताना ती बारीक किंचाळली आणि खालच्या फडक्यावर रक्ताचा थेंब दिसला.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई नुकत्याच आल्या होत्या. गायी-बैलांच्या रांगेत मामाजी पिशवी छातीशी धरून उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "काका, हा प्राणी आमच्या पुस्तकात एका पानावर होता आणि परीक्षेत आला नव्हता." पण त्यांनी नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावला, तिच्याकडून सगळं विचारून घेतलं, एक्स-रे काढून घेतला आणि मुतखडा शोधला. मग काय खायला देता, असं विचारलं. मामाजींनी छाती पुढे काढून वाळवणाची सगळी पद्धत सांगितली. बाई हळूच म्हणाल्या, "काका, फक्त त्यामुळेच झालं असं नाही. पण हिच्या पोटात पाणी जास्त जायला हवं होतं. पाला ओलाच द्यायचा असतो." मामाजींनी 'पण'च्या आधीचं काही ऐकलंच नाही. ते टेबलावरच्या सरकीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे माझी ग्रेड चुकली." मामीजी सोबत होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "जवाईबुवा, लग्नाले इतके वर्सं झाले, हे वाक्य मी पयल्यांदा ऐकलं."

त्या दिवसापासून मामाजी बदलले. कोथिंबीर पाण्यातून निथळती काढायची, बाटली दिवसातून चार वेळा बदलायची, काकडीची चकती ओलीच द्यायची. वयामुळे भूल सोसणार नाही म्हणून ऑपरेशन नको, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यामुळे औषध, पाणी आणि वेळ एवढंच हातात होतं. दात वाढत राहतात, म्हणून दर दीड महिन्यानं पुढचे दात कापून आणायचे. सांधे धरतात, म्हणून खाली मामीजींच्या जुन्या लुगड्यांची घडी घालायची. तिथं कापूस मात्र चालायचा नाही. "रुई तोंडात गेली तं?" असं म्हणत हा कापसातला माणूस घडीवरचा तंतू न् तंतू वेचून काढी. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन व्हायचं, आणि ते झाल्याशिवाय मामीजींना डाळ मोजता यायची नाही.

यंदा धोंड्याच्या महिन्यात आम्हाला जेवायचं बोलावणं आलं. धोंड्यात जावयाचा मान मोठा असतो. ताटाभोवती रांगोळी काढतात, दिवा लावून तेहतीस अनारसे वाण देतात, पुरणाचे धोंडे वाढतात. हिला यायला जमलं नाही, म्हणून मी एकटाच पुसदहून भर उन्हात मोटारसायकलनं आर्णीला पोचलो. पाट मांडलेला होता, रांगोळी होती, पण घरातला एकमेव कूलर पिंजऱ्याकडे तोंड करून ठेवला होता आणि मामाजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पन्नास ग्राम उतरली. सकाळपासून तोंडाले काईच लावलं नाई." डॉक्टरीणबाई येऊन दुखण्याचं इंजेक्शन देऊन गेल्या होत्या. या प्राण्याचं पोट चालू राहिलंच पाहिजे, ते थांबलं तर सगळं थांबतं, तेव्हा संध्याकाळच्या आत काहीतरी आत गेलं पाहिजे, असं त्या बजावून गेल्या होत्या.

मामाजींनी गवताची पूड कोमट पाण्यात कालवली, सिरिंज भरली आणि सरकीच्या ओठाच्या कडेला नेली. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, सिरिंजचं टोक तिच्या नाकावर, गालावर, डोळ्याजवळ आपटत होतं. ती तोंड फिरवी, पेज गळून लुगड्यावर पडे, मामाजी पुन्हा भरत. मामीजी दारात उभ्या होत्या. सरकीच्या तोंडाजवळ हात न्यायचा त्यांना धीर नव्हता, ती एकदा कडकडून चावली होती. त्या मला हळूच म्हणाल्या, "वर्स झालं हात असा होऊन. कोणाले सांगू नोको म्हणतात." कप ते दोन्ही हातांनी का धरतात, मोबाइलवर स्वतः नंबर न लावता आम्हाला फोन लावून द्यायला का सांगतात, ते मला त्या क्षणी कळलं. मी मास्तर माणूस, वर्गात साठ पोरांच्या बोटांकडे लक्ष ठेवतो. घरातली ही दहा मला दिसली नव्हती, याची मला लाज वाटली.

चौथ्यांदा पेज सांडली तेव्हा मी म्हणालो, "मामाजी, मी पाहू का?" सहा वर्षांत त्यांनी मला सरकीला हात लावू दिला नव्हता. "तुमचे बोटं खडूचे, कोरडे," असं म्हणत. आता त्यांनी सिरिंज पुन्हा भरली. तिचं टोक सोग्यानं पुसलं. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"दातांच्या मांगून घाला. समोरून नोका घालू. घाई नोका करू. तिले चावू द्या अगुदर."

माझ्या पहिल्या दोन वेळा वायाच गेल्या. तिसऱ्या वेळी सरकीनं डोळे मिटले, जबडा जरासा हलला, थांबला आणि पुन्हा हलला. मामाजींनी तिच्या पोटाला कान लावला. कूलरचा आवाज नको म्हणून मामीजींनी तो बंद केला. आम्ही तिघं घामानं निथळत, कुणी श्वास सोडेना अशा अवस्थेत बसलो होतो. "चालून राह्यलं," मामाजी म्हणाले. "पोट चालून राह्यलं तिचं." आणि हा चाळीस वर्षं कुणापुढे न नमलेला माणूस पिंजऱ्याच्या कडेला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मामीजींनी आत जाऊन अनारसे झाकून ठेवले. त्या दिवशी आम्ही सगळे दिवेलागणीला जेवलो. एवढ्या मानाचं जेवण मला कधी मिळालं नाही.

सरकी अजून आहे. खडाही आहे. बाईंनी आम्हाला खोटी आशा दाखवलेली नाही आणि आम्ही ती मागितलेलीही नाही. मामाजींनी आता हाताचं औषध सुरू केलंय, पण ते कुणासाठी घेताय असं विचारलं की पिंजऱ्याकडे बोट दाखवतात. दर रविवारी मी पुसदहून जातो. बाकीचे दिवस मामीजींनी धीर करून सिरिंज हातात घेतली आहे. रविवारी मात्र मामाजी माझ्या बाजूला बसतात आणि सिरिंज धरलेल्या माझ्या मनगटाखाली आपला हात ठेवतात, मला आधार द्यावा म्हणून. त्यांच्या बोटांची थरथर माझ्या हातात उतरत राहते. मी ती कळल्याचं दाखवत नाही. सरकी हळूहळू चावत असते आणि तिचं खाऊन होईपर्यंत आम्ही दोघं हात तसेच ठेवतो.