ऐनवेळचा सत्कार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही — आणि त्यांना तर मी शेजारणीच्या आमटीत मीठ जास्त झालं तरी सांगते. तेव्हा बसा जरा जवळ. गोष्ट छोटी आहे. माणूस किती छोटा होऊ शकतो, तेवढीच.

दहा-बारा वर्षं झाली असतील. मी बेलापूरच्या शाळेत शिकवत होते. मुलांची व्यवसायकल्पना स्पर्धा घ्यायची, हे खूळ माझंच. प्रत्येकानं पाच मिनिटांत सांगायचं — काय बनवणार, कोण विकत घेणार, का घेणार. मुलं काय पेटली होती! कुणी कांदा वाळवून विकणार, कुणी ट्रॅक्टर बोलवायचं ॲप काढणार. पहिल्या बक्षिसाला गावातल्या एका व्यापाऱ्यानं शिलाई मशीन दिलं. नवंकोरं. स्टेजवर हार घालून ठेवलं होतं.

त्या मशीनवर नववीतल्या मीनाचा डोळा होता. तिची कल्पना ऐका. मुलं वाढतात, गणवेश वाढत नाहीत. तर मोठ्या वर्गातले जुने गणवेश घ्यायचे, उसवायचे, नीट करून खालच्या वर्गाला द्यायचे. नुसतं बोलणं नव्हतं हं — हातानं टाके घालून सात गणवेश तयार केले होते पोरीनं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिचा नंबर शेवटचा निघाला. त्यात माझा काही हात नव्हता. माझा हात दुसरीकडे गुंतला होता.

कुठे? शालीत.

आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. पाहुण्यांचा, व्यापाऱ्याचा, मंडपवाल्याचा. यादी मीच केली — आणि तीत माझं नाव नव्हतं! असणार कसं? स्वतःचं नाव स्वतः कसं लिहायचं? मग या शहाण्या बाईनं काय करावं? नगरच्या कापडबाजारात जाऊन स्वतःसाठी शाल आणली. जांभळी, जरीकाठी. घरी आरशासमोर दोनदा खांद्यावर घेऊन पाहिली. ‘अहो, कशाला, कशाला’ असं म्हणायचीसुद्धा तालीम केली. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांच्या हातात चिठ्ठी दिली — पाहुण्यांना घाई असते, तेव्हा शेवटच्या मुलाच्या आधीच हे ऐनवेळी सुचल्यासारखं म्हणा. सर सज्जन. त्यांनी म्हटलं.

झाला सत्कार. टाळ्या झाल्या. ‘अहो, कशाला’ छान जमलं. नारळ एका हातात, शाल खांद्यावरून घसरतेय, आणि मी गौरीसारखी नटून उभी.

इथवर सगळी हसायची गोष्ट आहे. हसा. मीही हसते.

प्रमुख पाहुण्यांना पुढे श्रीगोंद्याला जायचं होतं. फोटोवाल्यालाही लग्नाची ऑर्डर होती, तो कॅमेरा गुंडाळायच्या बेतात होता. पाहुणे — तेच मुख्य परीक्षक — पुन्हा खुर्चीत टेकत म्हणाले, “बाई, अजून कुणी राहिलंय का? राहिलं असेल तर थांबतो मी.”

थांबतो म्हणाले. समजलं ना तुम्हाला?

पाच मिनिटं. पण पाच मिनिटांनी फोटोवाला गेला असता, आणि शालीसकट पाहुण्यांशेजारचा माझा फोटो —

“नाही साहेब,” मी म्हटलं, “सगळे झाले.”

फोटो निघाला. मशीन ॲपवाल्या मुलाला गेलं. मीनाला मी म्हटलं, पाहुण्यांना घाई झाली गं. ती ‘बरं बाई’ म्हणाली आणि खुर्च्या उचलू लागली.

मीनाचं चांगलं चाललंय. पुढे दोन वर्षं हातानं शिवून तिनं मशीन घेतलं, आता शाळेजवळच तिचं दुकान आहे. माझी झंपरं तीच शिवते. गेल्या महिन्यात मला नात झाली, म्हणून तीच शाल घेऊन गेले — म्हटलं, हिची दोन दुपटी कर. तिनं शाल उलगडली आणि कात्री खाली ठेवली.

“ही सत्काराची ना, बाई? मी न्हाई कापायची. त्या दिशी मी लई टाळ्या वाजवल्या हुत्या. हात लाल झाल्ते.”

मी कात्री उचलली आणि मधोमध चालवली. ती बघतच राहिली. “काय बाई तरी तुमी,” म्हणाली, “सत्कार कापला व्हय.” मग खुदकन हसली आणि मापाला लागली.

दुपटी सुरेख झालीत. नात त्यात गाढ झोपते. मीही झोपते, खोटं कशाला सांगू?

पण का कापली, ते मीनाला सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं, पाहुण्यांना घाई होती. त्यांना घाई नव्हती. ते थांबणार होते. आणि ‘सगळे झाले’ म्हणताना मीना मला दिसत होती — पायरीपाशी, सात गणवेशांचं गाठोडं छातीशी धरून, तिचं नाव पुकारायची वाट बघत.